घरांची लाईन

सकाळी सव्वासहाला कोपऱ्यावरच्या डेअरीत भारत ओव्हाळला रोजच्या दोन पिशव्यांऐवजी एकच मिळाली. दूधवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतच म्हणाला की आता काही दिवस असंच चालायचं, नगर-बीडकडून येणारं दूध निम्म्यावर आलंय, तिकडची जनावरं सगळी चारा छावणीत नेलीत म्हणे. भारतनं मान हलवली, पिशवी घेतली, दहा पावलं चालला आणि थांबला. जनावरं सगळी छावणीत गेली. मग निंबदऱ्याचीही गेली असणार. मग शेण कुठलं?

निंबदरा म्हणजे आष्टी तालुक्यात, कड्याच्या पलीकडे, डोंगराच्या घडीत दडलेली एकतीस घरांची वस्ती. खांबावरची वीज तिथे कधी पोचली नव्हती. पुण्यातल्या एका लहानशा संस्थेत राहून अशा आडवस्त्यांना वीज बसवून द्यायचं काम भारत अकरा वर्षं करत होता, आणि निंबदरा हे त्याचं सगळ्यांत चोख काम समजलं जात होतं. दिवसा सौर पाट्या, वारा असेल तेव्हा माळावरची पवनचक्की, संध्याकाळी शेणाच्या गॅसवरचं इंजिन, आणि तिन्हींची वीज एका खोलीतल्या बॅटऱ्यांत. एक कमी पडलं तर दुसरं, दुसरं कमी पडलं तर तिसरं. मार्चात वारा पडतो, म्हणून गॅस हिशेबात धरला होता. ढग आले तर म्हणून गॅस धरला होता. सगळ्या जर-तरच्या तळाशी गॅस होता, कारण वस्तीत बावन्न जनावरं होती. ती त्यानं स्वतः गोठ्यागोठ्यांतून हिंडून मोजली होती, प्रत्येकाचं रोजचं शेण पाटीत घेऊन वजन केलं होतं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पावसाळा चांगला झालेलं वर्ष होतं ते. दुष्काळ पडला तर ही बावन्न जनावरं वस्तीत राहतील का, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. तलवाड्यात जन्मलेल्या, सात वर्षांचा असताना बहात्तरचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पडला नव्हता.

तो घरी आला तेव्हा त्याची आई, मालनबाई, मोरीतल्या नळाखाली एकेक भांडं भरून ओळीनं ठेवत होती. या फ्लॅटमध्ये पाणी चोवीस तास असतं हे तिला नऊ वर्षांत पटलेलं नव्हतं. एकच पिशवी का, असं बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं काय उत्तर दिलं ते त्याला कळलं नाही, कारण तोवर त्याच्या मनात दुसरीच गोष्ट वर आली होती. सुंदरराव.

निंबदऱ्याच्या सुंदररावांनी वीस वर्षं पुण्याजवळच्या खडी क्रशरवर काढली होती. दगडाची धूळ फुफ्फुसात बसली ती बसलीच. पुण्याच्या दवाखान्यात सहा महिने अधूनमधून राहून झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की औषध संपलं, आता फक्त ऑक्सिजन. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र घरी लावा, दिवसाचे सोळा तास तरी. यंत्राला वीज लागते. सुंदररावांची बायको बायनाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाली होती, आमच्या वस्तीत कुठली आलीय चोवीस तास लाईट. आणि भारत, जो निंबदऱ्याची माणसं म्हणून त्यांना भेटायला गेला होता, तो म्हणाला होता, आता आहे. मी बसवलीय. न्या घरी. हे शब्द त्यानं मोठ्या समाधानानं उच्चारले होते. ते यंत्र त्यानंच एका ट्रस्टकडून मिळवलं होतं, जानेवारीत जीपमध्ये मांडीवर घेऊन स्वतः पोचवलं होतं, भिंतीतल्या प्लगला लावून दिलं होतं. घरातल्या प्लगला. घरांच्या लाईनवर.

आणि घरांची लाईन सगळ्यांत आधी तुटते. बॅटऱ्या चाळीस टक्क्यांवर आल्या की कंट्रोलरची पेटी कुणालाही न विचारता घरं बंद करते, मग गिरणी, मग रस्त्यावरचे दिवे. शेवटपर्यंत राहतो तो पिण्याच्या पाण्याचा पंप. हा क्रम भारतनं ठरवला होता, छापून खोलीच्या भिंतीला लावला होता, आणि पेटीला कुलूप घालताना सगळ्यांना समजावलं होतं की हा माणसाच्या हातात ठेवायचा नाही, माणूस पक्षपात करतो. तेव्हा वस्तीत ते यंत्र नव्हतं. जानेवारीत यंत्र आलं तेव्हा क्रम बदलायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. एवढंच. दोन तारखांमधली एक साधी विसरलेली गोष्ट.

त्यानं शिवकन्येला फोन लावला. ती वस्तीतली सून, बारावी झालेली, संस्थेनं तिला यंत्रणा चालवायला शिकवलं होतं. बॅटऱ्यांच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असे. फोन बंद होता. वस्तीतले फोन चार्ज होत होते ते याच विजेवर, हे त्याच्या लक्षात आलं. मोहनराव, वस्तीच्या वीज सहकारी संस्थेचे चेअरमन, त्यांचा फोनही लागला नाही. ऑफिसची गाडी दौऱ्यावर होती. तो शिवाजीनगरला गेला आणि सुटत असलेल्या बीड गाडीत चढला.

खिडकीशी बसून तो हिशेब करत राहिला, कारण हिशेब हीच त्याला येणारी एक गोष्ट होती. ढग किती दिवस आहेत? पुण्यात चार दिवस मळभ होतं, पाऊस नाही, नुसतं मळभ. पाट्यांवर दुष्काळाची धूळ. पवनचक्की स्थिर. गॅस बंद होऊन किती दिवस झाले? छावणी कधी उघडली? दर वेळी उत्तर एकाच ठिकाणी येत होतं: परवा. परवा कधीतरी बॅटऱ्या चाळीसवर आल्या असणार. मग बायनाबाईच्या घरात त्या यंत्राची सतत चालणारी घरघर बंद पडली असणार, आणि पेटीनं आपलं काम चोख केलं असणार. शेजारचा माणूस शेंगा खात होता, त्यानं ओंजळ पुढे केली. भारतनं दोन शेंगा घेतल्या आणि मुठीत धरून ठेवल्या. मागच्या सीटवर कुणी झोपेत घोरत होतं. तो श्वास मध्येच अडकायचा, आणि तो सुटेपर्यंत भारतचाही अडकायचा.

नगर सोडल्यावर रस्त्याकडेची झाडं धुळीनं एकाच रंगाची झाली. पाण्याचे टँकर दिसायला लागले, त्यांच्या मागून गळणारी बारीक धार, आणि ती धार बघताना त्याला तलवाड्याची विहीर आठवली. बहात्तर साली गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. सकाळी आधी मोठी घरं भरायची, मग त्यांची जनावरं, मग बाकीचं गाव, आणि ऊन चढल्यावर कुणीतरी बाजूला उभं राहून भारतच्या गावाबाहेरच्या वस्तीच्या घागरींत वरून पाणी ओतायचं. यांनी पोहऱ्याला हात लावायचा नाही. आई खडी फोडायच्या कामावर जायची, म्हणून रांगेत तो उभा राहायचा. त्याला राग आल्याचं आठवत नव्हतं. आठवत होतं ते असं की तो क्रम कुणी ठरवला असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. दिवस उगवतो तसा तो होता. पुढे शिकताना, नोकरीत, सभांमधून तो नेहमी म्हणायचा की यंत्र जात बघत नाही, यंत्राचा क्रम न्यायाचा असतो. आणि आता बसच्या काचेवर कपाळ टेकून बसलेल्या त्याला दिसत होतं की आपणही एक क्रम लिहिला, कुलूप लावलं, आणि ज्याचं नाव त्यात नाही त्यानं आपल्याला विचारायला कुठे यायचं, हे लिहायचं राहिलं.

कड्याला उतरल्यावर त्यानं तीन दुकानांत डिझेल जनरेटर विचारलं. सगळी विहिरींवर आणि छावण्यांवर गेली होती. ऑक्सिजनचा सिलेंडर नगरहून मागवला, तो परवा मिळणार होता. फोनवरच्या त्या माणसानं पेशंटचं नाव विचारलं तेव्हा भारतनं सुंदररावांचं पूर्ण नाव सांगितलं आणि पुढे ‘आहेत’ म्हणावं की काय, इथे त्याची जीभ अडली.

कड्याहून भाड्यानं केलेली जीप माळावर आली तेव्हा सव्वाबारा झाले होते. पवनचक्कीची पाती चित्रासारखी उभी होती. गोठे रिकामे होते, दावणीला दोरखंडं गुंडाळून ठेवलेली. गॅसच्या टाकीवरचा घुमट खाली बसला होता. वस्तीत रडण्याचा आवाज नव्हता, पण रडणं कालच होऊन गेलं असेल तरी आवाज नसणारच, असं त्याच्या मनात आलं. पाण्याच्या टाकीच्या नळापासून निघालेली घागरींची रांग पार शाळेच्या भिंतीपर्यंत गेली होती. बाया सावलीत बसल्या होत्या, घागरी उन्हात. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. तो सरळ सुंदररावांच्या घराकडे चालत गेला आणि दारात यायच्या आधी त्याला ती ऐकू आली, यंत्राची घरघर.

सुंदरराव भिंतीला टेकून बसले होते, नाकात नळी. त्यांनी हात वर केला, जरा हसल्यासारखं केलं. भारत उंबऱ्यातच बसला. तेव्हा त्याला दिसलं की यंत्राची वायर भिंतीतल्या प्लगला नाहीच. ती खिडकीतून बाहेर गेली होती, बोरीवरून, पत्र्यावरून, बॅटऱ्यांच्या खोलीकडे.

शिवकन्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं. परवा दुपारी तीनला घरांची लाईन गेली. बायनाबाई पळत आली. शिवकन्येनं पेटीच्या बाहेरची बटणं दाबून बघितली, पेटी ऐकेना. सुंदररावांचे ओठ निळे पडायला लागले होते. मग तिनं कुलूप दगडानं तोडलं आणि पंपाच्या लाईनवरून तार ओढली.

“तार टाकायची न्हाई म्हणून तुमी माझी सही घेतलती,” ती म्हणाली. “मला ठावं हाय. तरी टाकली.”

भारतनं नुसती मान हलवली, दोनदा, तिसऱ्यांदा. ती वाट बघत उभी होती, साहेब रागावतील म्हणून. मग तो रागावलेला नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं त्याला पाणी आणून दिलं. पेला अर्धाच होता. तो प्यावा की नाही हेही त्याला ठरवता येईना.

मोहनराव छावणीवरून आले तेव्हा पाच-सहा माणसं बॅटऱ्यांच्या खोलीसमोर जमली होती. छावणीही त्यांच्याच माणसांनी चालवलेली, सहा किलोमीटरवर. तिथे फोन लागत नाही. मोहनराव वाईट माणूस नव्हते. त्यांची स्वतःची सून रांगेत बसली होती. त्यांनी सांगितलं की दोन दिवस पंप अर्धा तासच चालतोय, टँकर तिसऱ्या दिवशी येतो तोही भरवशाचा नाही, काल दोन बाया नळावर भांडल्या आणि एकीच्या डोक्याला खोक पडली. बॅटऱ्या एकतीस टक्क्यांवर आहेत. पंप आणि यंत्र दोन्ही एकदम झेपत नाहीत, पंचविसाच्या खाली गेलं की सगळंच बसतं. मग त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

“यादी तुमच्या हातची हाय, साहेब. त्यात या मशीनचं नाव न्हाई. आमी काय समजायचं? एक माणूस का एकतीस घरं, हे आमाला कावून ठरवाया लावता? तुमी ठरवलंय तसं लिहून तरी द्या.”

ते सगळे भारतकडे बघत होते, आणि त्याला कळत होतं की त्यांना खरोखर त्याचं उत्तर हवंय. त्यानं म्हटलं तर ते तार काढतील, म्हटलं तर ठेवतील, आणि नंतर म्हणतील, इंजिनिअर साहेबांनी सांगितलं. तीस वर्षं तो अशा जागेवर पोचायला धडपडला होता, जिथे त्याचं म्हणणं शेवटचं असेल. तो कागदाजवळ गेला. कागद उन्हानं पिवळा पडला होता, खाली त्याची वळणदार सही. त्यानं तो काढला. मग तो म्हणाला की चूक त्याची आहे, शेणाचा हिशेब चुकला आणि यादीही चुकली; आणि तोडगा म्हणून त्याच्याजवळ फक्त एवढंच आहे की छावणीतलं शेण रोज ट्रॅक्टरनं आणून टाकीत घालायचं, गॅस धरायला दहाएक दिवस लागतील, सिलेंडर परवा येईल. परवापर्यंत काय करायचं ते त्याला माहीत नाही. इतकं साधं वाक्य तो कुठल्याही सभेत बोलला नव्हता. शेण आणायला ट्रॅक्टर देतो, मोहनराव म्हणाले, पण पाण्याचं त्यांनी सोडलं नाही. आज पंप दीड तास तरी चालला पाहिजे.

ते उत्तर शेवटी बायनाबाईनं दिलं. ती कधी येऊन उभी राहिली ते कुणी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली की पंप चालंल तेवढा वेळ मशीन बंद ठेवू, मालक म्हणत्यात, घरात त्यांनी सगळं ऐकलंय. डॉक्टरनी सोळा तास सांगितल्यात, चोवीस न्हाई. “फकस्त कुणीतरी जवळ बसाया पायजे. मला पाण्याला जावं लागतंय.”

“मी बसतो,” भारत म्हणाला.

त्यानं आधी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं, चढावर उभा राहून, एका ठिकाणी रेंज येते तिथून. डॉक्टर म्हणाले, गप्प बसून राहिले तर चालेल, बोटाला लावायचं मीटर आहे ना, त्यावर ऑक्सिजन पंच्याऐंशीच्या खाली जाऊ देऊ नका.

पुढे सिलेंडर आला, सांगितल्या दिवशी. ढग पाचव्या दिवशी पांगले. अकराव्या दिवशी शेणाचा गॅस धरला, इंजिन खोकून सुरू झालं, आणि भारत तोवर वस्तीतच राहिला, सौर पाट्या पुसत, ट्रॅक्टरवरून शेणाच्या पाट्या उतरवत. नवीन यादी त्यानं एकट्यानं केली नाही. वस्तीच्या वीज संस्थेच्या सभेत झाली, दोन दिवस वाद होऊन, शिवकन्येच्या अक्षरात, आणि पेटीचं कुलूप कुणी पुन्हा लावलं नाही. सुंदरराव पुढची दिवाळी बघून गेले. हे सगळं नंतर झालं. पण नंतर कित्येक वर्षं निंबदऱ्याचं नाव निघालं की भारतच्या मनात यायचा तो त्या पहिल्या दुपारचा दीड तास.

पंप सुरू झाला आणि त्यानं यंत्राचं बटण बंद केलं. घरघर थांबल्यावर खोली एकाएकी मोठी झाली. बाहेर टाकीत पाणी पडायला लागलं, मग भांड्यांचे आवाज, बायांचे आवाज. सुंदररावांच्या बोटाला मीटर होतं आणि त्यावर लाल आकडा, एक्क्याण्णव. भारत त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. काही बोलायचं नाही असं ठरलं होतं. सुंदररावांचा श्वास वर येताना गळ्याखालचा खड्डा आत ओढला जायचा, खांदे उचलले जायचे. सगळं शरीर त्या एका कामाला लागलं होतं. नव्वद. बराच वेळ नव्वद. भारतला वाटलं, जमेल. मग अठ्ठ्याऐंशी. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवर सरकत नव्हतं, घड्याळाचा काटाही. आपण कागदावर ‘घरगुती वापर’ असं लिहितो तेव्हा त्याचा अर्थ हा असतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं ते मनातून काढून टाकलं, कारण या खोलीत बसून काही सुचणंसुद्धा त्याला लाजिरवाणं वाटलं. शहाऐंशी. सुंदररावांच्या कपाळावर घाम आला. त्यानं तो पंचानं पुसला. त्यांनी डोळे मिटले होते. ऐकत होते, पाण्याच्या आवाजाकडे कान देऊन.

एक तास वीस मिनिटं झाली. आकडा पंच्याऐंशीवर आला, थरथरला, चौऱ्याऐंशी झाला. भारत उठला. बाहेर ओरडून पंप बंद करायला सांगायला वेळ लागेल, बटण दाबलं तर सगळंच बसेल, दोन्ही त्याला ठाऊक होतं, आणि तरी त्याचा हात बटणाकडे गेला. तेव्हा सुंदररावांनी त्याचं मनगट धरलं. त्या हाडकुळ्या हातात इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“बायना... रांगेत हाय,” ते म्हणाले.

भारत तसाच अर्धवट वाकून उभा राहिला, मनगट त्यांच्या हातात. चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. त्यानं त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि तिथे भीती होती, चांगली मोठी, पण पकड सैल होत नव्हती. बाहेर पाणी पडत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो काहीच मोजत नव्हता. मग बाहेरचा आवाज एकदम थांबला. शिवकन्येनं दीड तास होताच पंप बंद केला होता. भारतनं बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, नळीतून वारा आला, सुंदररावांनी मनगट सोडलं.

बायनाबाई आत आली, कमरेवर घागर. सुंदररावांनी आधी घागरीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“भरली का?”

“भरली की,” ती म्हणाली, आणि अर्धी घागर एका हातानं उचलून चुलीमागे, त्यांना दिसणार नाही अशी ठेवली.